सूचीत न सापडणारा पाय

न्यूरॉलॉजीच्या पुस्तकांविषयी माझ्या काही तक्रारी आहेत. एकेक सुटी पाहिली तर लहान वाटेल. पण ती रोज समोर येते, आणि येते तेव्हा टेबलापलीकडे रुग्ण बसलेला असतो. म्हणून त्या एकदा सविस्तर लिहून काढते आहे.

एम.डी. करून डी.एम. न्यूरॉलॉजीला आलेल्या मुलामुलींचा पहिल्या आठवड्यातला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, कुठलं पुस्तक घेऊ?" तोवर वॉर्डात त्यांना दोन उत्तरं मिळालेली असतात. एक सीनियर म्हणतो "ॲडम्स", दुसरा म्हणतो "ब्रॅडली", आणि तेवढंच सांगून दोघेही राउंडला निघून जातात. कशासाठी, कुठल्या प्रसंगी, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तीन वर्षांचं शिक्षण आणि पुढचा सगळा व्यवसाय ज्या पुस्तकाच्या आधाराने करायचा, त्याची शिफारस एका शब्दात उरकली जाते. माझी पहिली तक्रार आम्हा शिकवणाऱ्यांच्या या सवयीबद्दल आहे.

संदर्भग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुणी वाचत नाही. त्याला प्रश्न विचारायचा असतो. प्रश्न बहुधा रात्री पडतो, विचारणारा उभा असतो, आणि उत्तर चार-पाच मिनिटांत हवं असतं, कारण तोवर नर्स दोनदा येऊन गेलेली असते. पुस्तक निवडताना हीच कसोटी लावायला हवी. ती लावली की बाजारातल्या नामवंत ग्रंथांची नावं वेगळ्याच क्रमाने लागतात.

आधी आकाराबद्दल. ब्रॅडली १९९१ साली पहिल्यांदा आला, तो दोन खंडांत. आजही तो दोन खंडांचा आणि दोन हजारांहून अधिक पानांचा आहे. पहिल्या खंडात लक्षणं आणि तपासण्या, दुसऱ्यात आजार. ही विभागणी कागदावर शहाणपणाची वाटते. पण रुग्ण एकच असतो. त्याला चक्कर येते, म्हणून आपण पहिला खंड उघडतो. चक्करीचं कारण लहान मेंदूतला रक्तस्राव असेल अशी शंका आली की दुसरा खंड लागतो. तो दुसऱ्या मजल्यावरच्या सेमिनार रूममध्ये असतो, किंवा कुणीतरी परीक्षेसाठी हॉस्टेलवर नेलेला असतो. विभागाच्या ग्रंथालयात तर एका कार्डावर एकच पुस्तक मिळतं आणि दोन खंड ही दोन पुस्तकं धरली जातात. कपाटाची किल्ली ज्या कर्मचाऱ्याकडे असते तो संध्याकाळी घरी जातो. आकडीचा रुग्ण मात्र रात्री अकराला येतो. मी ज्या ज्या संस्थेत काम केलं तिथे हेच पाहिलं, आणि प्रत्येक ठिकाणी विचारल्यावर पुस्तकं चोरीला जाऊ नयेत म्हणून कुलूप आहे असं उत्तर मिळालं. पुस्तकं सुरक्षित राहिली हे खरं आहे. रात्री ती कुणालाच वापरता आली नाहीत, हेही खरं आहे.

आता सूची. पुस्तकाच्या शेवटी असलेल्या या पन्नास-साठ बारीक टायपातल्या पानांकडे पुस्तक विकत घेताना कुणी पाहत नाही. माझ्या मते तीच सर्वांत आधी पाहायला हवीत.

एक नेहमीचा रुग्ण घेऊ. खुरपणीला जाणारी पस्तिशीची बाई. दिवसभर उकिडवं बसून काम. आठ दिवसांपासून उजवं पाऊल उचलत नाही, चालताना बोटं जमिनीला घासतात, चप्पल अडकते. घरच्यांना वाटतं लकवा आहे. डॉक्टरला तीन-चार शक्यता दिसतात. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाच्या मानेला वळसा घालून जाणारी नस बराच वेळ उकिडवं बसल्याने दबली असेल. कमरेतलं पाचवं मज्जामूळ दबलं असेल. तीच नस कुष्ठरोगाने जाड झाली असेल, आणि हे आपल्याकडे विसरून चालत नाही. किंवा मेंदूत, दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या फटीजवळ, पायाच्या भागावर एखादी गाठ बसलेली असेल. पहिल्या दोन शक्यता वेगळ्या करायला दहा सेकंद लागतात: पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगायचं. वळवता आलं तर नस, कमजोर असेल तर मूळ, कारण आत वळवणारा स्नायू दुसऱ्या नसेवर चालतो पण त्याच मुळातून येतो. मग गुडघ्याशी बोट फिरवून नस जाड लागते का ते पाहायचं आणि पावलावरच्या कातडीला स्पर्श कळतो का ते विचारायचं.

एवढं सगळं एका पानावर मावतं. ते पान शोधायला सूची उघडली की काय होतं? पाऊल पडणं या लक्षणाची नोंद असेल तर तिच्यापुढे दहा-बारा पृष्ठांक ओळीने छापलेले असतात. त्यांतला कुठला मुख्य आणि कुठला कंसातल्या उल्लेखापुरता, हे समजायला मार्ग नसतो. जुन्या काळच्या काही ग्रंथांत मुख्य पानाचा आकडा ठळक छापत असत. त्याने कागद वाढत नव्हता आणि शाईही फारशी लागत नव्हती. ती पद्धत कुणी आणि का बंद केली, हे मला अजून कळलेलं नाही. नसेचं नाव माहीत असलं तरी सुटका नाही. या नसेला जुनी पुस्तकं पेरोनियल म्हणतात, नवी फिब्युलर. काही पुस्तकांत अर्धी प्रकरणं जुनी आणि अर्धी नवी असल्याने दोन्ही नावांखाली वेगवेगळी पानं सापडतात, आणि एका नोंदीवरून दुसरीकडे जा असं सांगणारी ओळ नसते. ओपीडीत पन्नास रुग्ण बसलेले असताना माणूस किती पानं उलटणार? तो एमआरआय लिहून देतो. कमरेचा एमआरआय होतो, पस्तिशीला दिसायचीच ती थोडी सरकलेली चकती दिसते, आणि खुरपणीवाली बाई मणक्याच्या ऑपरेशनच्या रांगेत जाऊन उभी राहते. सूची नीट नसल्याचा परिणाम इथपर्यंत जातो. म्हणून मी ही तक्रार लहान मानत नाही.

या एका रुग्णासाठी उपयोगी पडणारी पुस्तकं आहेत, आणि त्यांची नावं मी प्रत्येक नव्या रेसिडेंटला सांगते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, नसांना इजा झालेल्या सैनिकांना तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी एक पुस्तिका काढली. पुढे ती वाढली, सुधारली, फोटो बदलले. पण आजही साठेक पानांचीच आहे. एकेका स्नायूचा फोटो, डॉक्टरचा हात कुठे, रुग्णाने जोर कुठे लावायचा, कुठली नस, कुठलं मूळ. स्नायूची ताकद शून्य ते पाच अशी मोजायची जी पद्धत आज जगभर वापरतात, ती तिच्यातूनच पसरली. एप्रनच्या खिशात मावते. दुसरं पुस्तक ब्रेझिस, मासडू आणि बिलर यांचं, १९८५ पासून चालत आलेलं. बिघाड कुठे आहे एवढंच ते सांगतं, पण पायाच्या बोटापासून मेंदूच्या सालीपर्यंत सगळं सांगतं. तिसरं जॉन पॅटन यांचं, १९७७ चं, त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांसाठी घ्यावं असं. या पुस्तकांना संदर्भग्रंथांच्या यादीत मान नाही. ती 'लहान पुस्तकं' समजली जातात, परीक्षेआधी चाळायची. मला हा अन्याय वाटतो.

मोठ्या ग्रंथांची रचना कशी आहे हे त्यानंतर पाहावं. रेमंड ॲडम्स आणि मॉरिस व्हिक्टर या दोघांनी १९७७ साली त्यांचं पुस्तक काढलं तेव्हा आधी लक्षणं ठेवली: वेदना, चालण्यातला बिघाड, दृष्टी, झोप, शुद्ध हरपणं, बोलणं. मग आजार. रुग्ण आजाराचं नाव घेऊन येत नाही, लक्षण घेऊन येतो, हे त्यांनी ग्रंथाच्या बांधणीतच मान्य केलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते दोघांनी लिहिलं. आज ते दीड हजारांहून अधिक पानांचं झालं आहे, मूळ लेखक दोघेही हयात नाहीत, तरी २०२३ ची बारावी आवृत्तीसुद्धा मोजक्या चारच जणांच्या नावावर आहे. त्यामुळे वाचताना एकच माणूस बोलतो आहे असं वाटतं. एखाद्या आजाराबद्दल तो माणूस म्हणतो की आम्ही असे रुग्ण पाहिले आहेत आणि या औषधाने फारसा उपयोग झालेला आम्हाला दिसला नाही. मला हे हवं असतं. कुणीतरी शंभर रुग्ण पाहून एक मत बनवलं आहे, आणि ते सांगायची जबाबदारी घेतो आहे.

अशा लेखनाची परंपरा जुनी आहे. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रुग्णालयात काम करणाऱ्या विल्यम गॉवर्स यांनी १८८६ ते १८८८ या काळात दोन खंडांत मज्जासंस्थेच्या आजारांचा ग्रंथ एकट्याने लिहिला. ते रुग्णांच्या नोंदी स्वतः लघुलिपीत घेत, आणि डॉक्टरांनी लघुलिपी शिकावी म्हणून १८९४ साली त्यांनी एक संस्थाही काढली. ग्रंथातली अनेक चित्रं त्यांचीच. ह्यूस्टन मेरिट यांनी १९५५ साली आपलं पुस्तक काढलं. हेच मेरिट, ज्यांनी १९३८ मध्ये ट्रेसी पटनम यांच्याबरोबर फेनिटॉइन आकडीवर चालतं हे दाखवून दिलं. त्या औषधाने आपल्याकडच्या लाखो घरांत आकडी थांबली. औषधाचा उपयोग दाखवणाऱ्याने स्वतः लिहिलेलं अपस्माराचं प्रकरण आणि आज त्याच नावाच्या पुस्तकात तिसऱ्याच कुणी लिहिलेलं प्रकरण यांत माहिती नव्याचीच जास्त आहे. पण मत कोणाचं, ते कळत नाही.

अनेक हातांनी लिहिलेल्या पुस्तकांबद्दल माझी अडचण इथेच आहे. शंभराहून अधिक तज्ज्ञ, प्रत्येकाला एक प्रकरण. प्रत्येक जण आपल्या विषयात जगात अग्रणी असतो, त्याबद्दल मला शंका नाही. पण स्टेरॉइडचा डोस स्नायूंच्या प्रकरणात एक सापडतो आणि नसांच्या प्रकरणात दुसरा, आणि संपादकांपैकी कुणी त्या दोघांना समोरासमोर बसवलेलं नसतं. एकाच लक्षणाची कारणं तीन प्रकरणांत तीन क्रमांनी येतात. लेखकांना आपापल्या प्रयोगशाळेतली रेणूंची साखळी प्रिय असल्याने ती चार पानं चालते, आणि रुग्णाला काय सांगायचं यासाठी दोन ओळी उरतात. मान्य आहे की आजच्या न्यूरॉलॉजीचा पसारा एका माणसाला पेलणार नाही. चौघांना पेलतो, हे ॲडम्सच्या वारसदारांनी दाखवलं आहे. विभागात ठेवायला, एखाद्या दुर्मिळ आजाराचं शेवटपर्यंत खणून काढायला, ब्रॅडली चांगला. माझ्या टेबलावर मात्र मला बोलणारा माणूस हवा.

ग्रंथालयात या पुस्तकांचं जे होतं तेही सांगून टाकते. मुखपृष्ठावर ब्रॅडलीचं नाव, पण संपादक आता जांकोविक आणि इतर, म्हणून कार्ड ज खाली. मेरिट शोधायला गेलं तर लुईस. रेसिडेंट म च्या रांगेत शोधतो, पुस्तक नाही असं समजतो आणि परत येतो. जुन्या नावाखाली एक जादा कार्ड घालायला किती वेळ लागतो?

आता काळाबद्दल. पक्षाघाताचं उदाहरण घ्या. गुठळी विरघळवणारं औषध तीन तासांच्या आत द्यावं हे १९९५ साली ठरलं, २००८ मध्ये ती मर्यादा साडेचार तासांवर गेली. २०१५ साली पाच मोठे अभ्यास लागोपाठ प्रसिद्ध झाले आणि मोठ्या धमनीतली गुठळी तारेने ओढून काढणं हा उपचार पक्का झाला. २०१८ मध्ये, निवडक रुग्णांत, त्याची वेळ चोवीस तासांपर्यंत वाढली. ॲडम्सची दहावी आवृत्ती २०१४ ची. पक्षाघाताच्या प्रकरणापुरती ती वर्षभरात मागे पडली. यात लेखकांचा दोष नाही. अपस्माराची व्याख्याही २०१४ मध्ये बदलली, मल्टिपल स्क्लेरोसिसच्या निदानाचे निकष २००१, २००५, २०१० आणि २०१७ मध्ये. हे होणारच. तक्रार आहे ती लपवाछपवीची. मुखपृष्ठावर छापलेलं साल हे पुस्तक बाजारात आल्याचं असतं. प्रकरण लिहून झालं ते त्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी, आणि दुसरं एखादं प्रकरण मागच्या आवृत्तीतून दोन वाक्यं बदलून आलेलं असतं. प्रत्येक प्रकरणाखाली 'हा मजकूर अमुक महिन्यात लिहून पूर्ण झाला' अशी एक ओळ छापली तर वाचणाऱ्याला कळेल की कुठल्या पानावर किती विसंबायचं. औषधाच्या पट्टीवरसुद्धा तयार केल्याचा महिना असतो.

याच्याच जोडीला संदर्भांची गोष्ट. पूर्वी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मूळ शोधनिबंधांची यादी असे. जागा वाचवण्यासाठी काही प्रकाशकांनी ती छापील पुस्तकातून काढून इंटरनेटवर टाकली. पुस्तकाच्या आतल्या पानावर एक चंदेरी पट्टी, ती नाण्याने खरवडायची, खालचा अंकाक्षरांचा संकेत संगणकावर टाकायचा, आणि मग यादी वाचायची. संकेत एकाच माणसाला, एकदाच वापरता येतो. ग्रंथालयाच्या प्रतीवरची पट्टी पहिल्याच आठवड्यात कुणीतरी खरवडलेली असते, त्यानंतरच्या सगळ्या वाचकांना यादी बंद. जुन्या बाजारात पुस्तक घेणाऱ्या विद्यार्थ्याचीही तीच गत. वाक्याच्या डोक्यावर बारीक आकडा छापलेला दिसतो, सत्तेचाळीस, आणि तो सत्तेचाळीसावा निबंध कुणाचा हे विचारायची सोय त्या पुस्तकात नसते. पुराव्याशिवाय बोलू नका असं आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. पुरावा त्यांच्या हातातल्या पुस्तकात असायला हवा.

एककांबद्दल एवढंच: पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट आपल्या प्रयोगशाळेतून मिलिग्रॅममध्ये येतो, ब्रिटिश पुस्तक मिलिमोलमध्ये बोलतं. रिपोर्टात साखर ४०, पुस्तकात मर्यादा २.२. अठराने गुणलं की दोन्ही जुळतात, पण क्षयाचा मेंदूज्वर आहे का ते रात्री दोन वाजता ठरवताना हा गुणाकार करायला लागू नये. दोन्ही आकडे शेजारी छापता येतात. अर्ध्या ओळीची जागा लागते.

सर्वांत मोठी तक्रार मी मुद्दाम मागे ठेवली होती. या पुस्तकांत आपला रुग्ण भेटत नाही.

स्नायूंची कमजोरी कशी ओळखावी? पुस्तक सांगतं: खुर्चीतून उठता येतं का विचारा, जिने चढता येतात का विचारा. आपल्याकडे प्रश्न वेगळे लागतात. शौचाला उकिडवं बसून उठताना हात टेकावा लागतो का? वेणी घालताना हात भरून येतात का? फळीवरचा डबा काढता येतो का? निऱ्या घालताना बोटं चालतात का, भात कालवता येतो का? तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का? आणि सर्वांत उपयोगाचा: चप्पल पायातून निसटते का, आणि निसटलेली कळते का? कळत असूनही पकडून ठेवता येत नसेल तर ताकद गेली आहे. निसटलेली कळतच नसेल तर संवेदना गेली आहे. एका प्रश्नात निम्मं निदान होतं. हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक वॉर्डात सीनियर ज्युनियरला तोंडी शिकवतो, आणि बाहेरच्या मोठ्या ग्रंथांत तो मला कधी दिसला नाही.

आजारांचंही तसंच. डोक्यावर कढत पाणी ओतून आंघोळ करताना येणारी आकडी हा दक्षिण कर्नाटकातला नेहमीचा प्रकार, बंगळुरूच्या के. एस. मणी यांनी आणि पुढे निम्हान्सच्या पी. सतीशचंद्र यांनी त्याचा अभ्यास केला. जाड पुस्तकांत तो कुतूहलाच्या गोष्टींत एका ओळीत जातो. लाखोळी डाळीने पाय लुळे पडणं, कुष्ठरोगाने नसा जाणं, मेंदूतली जंतांची गाठ, यांना जागा मिळते, पण परदेशी प्रवास करून आलेल्या माणसाला होणारे आजार म्हणून.

कीटकनाशक प्यायलेला शेतकरी घ्या. पहिल्या दिवशी ॲट्रोपिनने सावरतो, घरच्यांना धीर येतो, आणि दोन-तीन दिवसांनी मान उचलता येत नाही, श्वासाचे स्नायू थकतात. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमधल्या आर. एस. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली ब्रिटनच्या नियतकालिकात या उशिरा येणाऱ्या कमजोरीचं वर्णन केलं. १९८७ मध्ये श्रीलंकेच्या सेनानायके आणि करालीद्दे यांनी तिला आज रूढ असलेलं नाव दिलं. आपल्या जिल्हा रुग्णालयांत हा रुग्ण पार्किन्सनच्या दुर्मिळ भावंडांपेक्षा कितीतरी अधिक वेळा येतो. पुस्तकांत पानांची वाटणी नेमकी उलटी आहे.

आणि मण्यार. पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेल्या माणसाला मध्यरात्री चावते. दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण बहुधा दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या पडतात, गिळता येत नाही, श्वास थांबतो. विष नसांच्या टोकांवरच घाव घालतं, त्यामुळे सर्पविषावरची लस दिली तरी गेलेली ताकद लगेच परतत नाही. व्हेंटिलेटरवर दिवस काढावे लागतात. तोवर रुग्णाकडे पाहून काय दिसतं? हालचाल नाही, डोळे फिरत नाहीत, बाहुल्या मोठ्या आणि प्रकाशाला न आकसणाऱ्या, एकही रिफ्लेक्स नाही. मेंदू मृत झाल्यासारखं हुबेहूब चित्र. आणि आत माणूस जागा असू शकतो, ऐकत असू शकतो, आणि श्वास चालू ठेवला तर आपल्या पायांनी घरी जातो. शुद्ध हरपलेल्या रुग्णावर प्लम आणि पोस्नर यांचं १९६६ पासूनचं पुस्तक आहे, त्याहून चांगलं पुस्तक या विषयावर मला ठाऊक नाही, आणि माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते वाचावं असा माझा आग्रह असतो. पण फक्त परदेशी ग्रंथ वाचून तयार झालेल्या तरुण डॉक्टरला तालुक्याच्या आयसीयूत हा रुग्ण दिसला तर तो नातेवाइकांना काय सांगेल, या विचाराने मी अस्वस्थ होते.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस (गिलाँ-बारे सिंड्रोम) या आजाराची साथ आली, रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला, एकूण रुग्ण दोनशेच्या आसपास गेले. आजार काय, हे सगळ्या पुस्तकांत होतं. इम्युनोग्लोब्युलिन किलोला ०.४ ग्रॅम, पाच दिवस, हेही होतं. साठ किलोच्या माणसाला ते १२० ग्रॅम होतं, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या, आणि त्याचं बिल ऐकून घर बसतं. रक्तद्रव बदलण्याचा उपचार तितकाच गुणकारी आहे हे १९९७ सालीच सिद्ध झालं आहे. यंत्र नसेल तिथे तो थोड्या प्रमाणात, साध्या साहित्याने करता येतो का याचा अभ्यास बांगलादेशात झाला आहे. कुठला उपचार कुणासाठी, खर्च परवडत नसेल तर कुठल्या क्रमाने जायचं, असं सांगणारं प्रकरण रेसिडेंटच्या हातात हवं होतं.

आपल्याकडे असा प्रयत्न झालेला आहे. मुंबईच्या नोशीर वाडिया यांनी २००५ साली भारतीय दृष्टीतून न्यूरॉलॉजीचा ग्रंथ संपादित केला. डोळ्यांची हालचाल मंदावणाऱ्या आनुवंशिक ॲटॅक्सियाचं वर्णन १९७१ साली करणारे ते हेच. त्याच वर्षी मुंबईत डोळे येण्याची साथ आली आणि पाठोपाठ पोलिओसारखा लुळेपणा दिसला. तोही त्यांनी नोंदवला. सतीश खाडिलकर यांच्यासह दुसरी आवृत्ती २०१४ मध्ये निघाली. म्हणजे तारेने गुठळी काढणं पक्कं होण्याच्या आधीची, जीबीएसच्या साथीच्या आधीची. मी विद्यार्थ्यांना हे पुस्तक घ्यायला सांगते. "ॲडम्स की ब्रॅडली" या वादात त्याचं नावही निघत नाही, हे मला लागतं.

तर विचारणाऱ्यांना मी असं सांगते. पगारातून पहिल्या महिन्यात साठ पानांची ती पुस्तिका घ्या, आणि ब्रेझिस. त्यांच्यातलं काही जुनं होत नाही. मग ॲडम्स, नव्यात नवी आवृत्ती, आणि आधी लक्षणांचा भाग वाचा. वाडियांचं शेजारी ठेवा. ब्रॅडली विभागाकडून मागा, दोन्ही खंड, वॉर्डात, बिनकुलपाचे. डोस आणि ताजे निकष फोनवर पाहा, पुस्तकात नको. फिरत असलेल्या चोरट्या पीडीएफवर विसंबू नका. त्यांची आवृत्ती कुठली हे उघडल्यावरही कळत नाही.

आणि आपल्या रुग्णांसाठीच्या ग्रंथाचा पुढचा अवतार कुणीतरी हाती घ्यावा. वेल्लोर, बंगळुरू, लखनौ, मुंबई, पुणे इथल्या विभागांच्या कपाटांत त्याच्यासाठी लागणाऱ्या नोंदी पडून आहेत. चौघांनी लिहावा, एका खंडात, मुख्य पान ठळक, प्रत्येक प्रकरणाखाली महिना, संदर्भ छापलेले. चप्पल निसटण्याचा प्रश्न तपासणीच्या पहिल्या पानावर असावा. आजारांत पहिलं प्रकरण मण्यारीचं असावं, कारण तो रुग्ण पहाटे येतो, आणि त्या वेळी ड्युटीवर असलेला डॉक्टर बहुधा युनिटमधला सर्वांत नवा असतो.